दिवाकररावांची नाडी आणि अंजनीबाईंचे मार्क

दिवाकर वडनेरकर जबलपूरच्या सराफ्यात काट्यावर बसतात. दुकान शेटजींचं आहे, पण काटा दिवाकररावांचाच, असं अख्खी गल्ली मानते. गिऱ्हाइकानं जुनी बांगडी मोडीला काढली की शेटजी गादीवरून नुसती मान हलवतात आणि बांगडी दिवाकररावांच्या पुढ्यात येते. ते चष्मा नाकावर सरकवतात, पंखा बंद करायला लावतात, काचेच्या पेटीचं दार लोटतात आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घेतात. मग जो आकडा सांगतील तो शेवटचा. कुणी कुरकुर केलीच, तर त्यांचं एक वाक्य तयार असतं: "काटा है भैया, इसका कोई रिश्तेदार नहीं." गिऱ्हाईक हसतं आणि पैसे घेऊन जातं.

हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं इतक्या लोकांना ऐकवलं, की त्यांचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला. माणूस चुकेल, आकडा चुकायचा नाही. आणि नशीब असं, की बायकोही त्याच मताची मिळाली. अंजनीबाईंनी गुप्तेश्वरच्या शाळेत मुलांना गणित शिकवण्यात उभा जन्म घातला. गेल्या साली त्या रिटायर झाल्या, पण ती शाळेतून. घरात त्यांची नोकरी चालूच होती आणि वर्गात आता एकच विद्यार्थी उरला होता.

गेल्या धनतेरसच्या गर्दीत दिवाकररावांच्या छातीत फडफड झाली. काट्यासमोर घाम फुटला, शेटजी घाबरले, दुकानातल्या दोघांनी धरून रिक्षात घातलं. डॉक्टर ममता वासनिक त्यांच्या ओळखीतल्या. त्यांनी सगळं तपासलं, बीपी वाढलंय, नाडी उगाच पळते म्हणून रोज सकाळची एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, "काका, वजन कमी करायचं. रोज चालायचं. बसून बसून तुम्ही पार दुकानातली तिजोरी होऊन राहिलात."

चालणं सुरू झालं. म्हणजे घरातून निघणं सुरू झालं. दिवाकरराव आणि त्यांचे मित्र बाबाराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, दोघं रोज पहाटे पायात कॅनव्हासचे बूट घालून निघत आणि सरळ नथ्थू हलवायाच्या बाकावर जाऊन बसत. नथ्थूची खोव्याची जलेबी म्हणजे काय चीज आहे हे जबलपूरकराला सांगायला नको, आणि इतरांना सांगून समजायचं नाही. तिथं तासभर गप्पा, जलेबी, वर चहा. मग येताना घराच्या कोपऱ्यापासून जरा झपझप चालायचं, म्हणजे दम लागलेला दिसतो. हे नाटक आठवडाभर छान चाललं. आठव्या दिवशी अंजनीबाईंनी धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या बाहीला मुंग्या लागलेल्या पाहिल्या आणि पडदा पडला.

"मी पाक चाखून पाहिला," त्या मुलाला फोनवर सांगत होत्या, दिवाकरराव समोर बसलेले असताना. "नथ्थूचाच आहे."

मुलगा चिराग पुण्याला नोकरीत. त्याचं मराठी अर्धं हिंदीत असतं, पण आईचा संताप त्याला पूर्ण समजला. त्यानं बाबांसाठी एक घड्याळ पाठवलं. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा होता. तो मनगटाच्या आत डोकावून नाडी मोजायचा, आणि माणसाचं वय, वजन आणि नाडी एकत्र करून चालण्यात किती कॅलरी जळाल्या ते घड्याळ सांगायचं. सांगायचं कुणाला, तर अंजनीबाईंच्या फोनला. रोज तीनशे झाल्या पाहिजेत, असं मायलेकांनी परस्पर ठरवून टाकलं.

"आता कुणाच्या सदऱ्याचा पाक चाखायची गरज नाही," अंजनीबाई म्हणाल्या.

इथं दिवाकररावांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नथ्थूच्या बाकावर बसून बायकोला फसवणं त्यांना जमलं होतं, मजाही आली होती. पण मनगटावर काटा बांधल्यावर त्याला फसवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते मदनमहलच्या टेकडीकडे निघाले. बाबाराव मागून ओरडत राहिले, "अरे दिवाकर, नथ्थूचं दुकान इकडे आहे ना बाप्पा!" पण ते थांबले नाहीत. शेवटी बाबारावही मागोमाग आले, कारण एकट्यानं जलेबी खाण्यात काही राम नाही.

टेकडी चढायची म्हणजे गंमत नाही. काळे गुळगुळीत दगड, मध्येच पायऱ्या, मध्येच पायवाट. दिवाकरराव शारदा मंदिराशी थांबले, पाणी प्याले आणि तसेच वरच्या किल्ल्यापर्यंत गेले. सदरा पिळून काढावा इतका भिजला. पोटऱ्या भरून आल्या. खाली अख्खं शहर पसरलेलं पाहून त्यांना वाटलं, आज घरी आपलं औक्षण होणार.

घरी अंजनीबाई फोन हातात धरून दारातच उभ्या होत्या.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. "नापास."

"अगं, किल्ल्यापर्यंत गेलो होतो!"

"मग ह्याला काहून नाही दिसला किल्ला?"

"हा सदरा पाहा."

"नळाखाली धरला असेल."

"बाबारावांना विचार."

"त्यांना विचारू? तुम्ही दोघं एकाच बाकावरचे," असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी ताटात एक पोळी कमी वाढली.

पोळीचं दुःख नव्हतं. दिवाकररावांना खाण्याची हौस होती, पण ते काही त्यासाठी जीव टाकणारे नव्हते. त्यांना लागली ती दुसरीच गोष्ट. सराफ्यात त्यांच्या एका शब्दावर लोक बायकोचं मंगळसूत्र सोडून निघून जात, आणि घरात त्यांच्या शब्दाला शून्य किंमत. बरं, भांडायचं तरी कुणाशी? घड्याळ खोटं आहे म्हणावं, तर ज्या तोंडानं जन्मभर गिऱ्हाइकांना काटा खरा म्हणून सांगितलं, त्याच तोंडानं हे कसं म्हणायचं?

त्यांनी काटा तपासायचा ठरवला, तो दुकानातल्या पद्धतीनं. आधी घड्याळ घट्ट बांधलं. मग हाताचे केस आड येत असतील म्हणून दाढीच्या वस्तऱ्यानं मनगटावर एक गुळगुळीत चौकोन काढला. ते पाहून शेटजींनी विचारलं, "दिवाकर, चमडी का रोग तो नहीं हो गया?" आकडा मात्र एकशे दहाच्या आसपासच घुटमळत राहिला. शेवटी एके दिवशी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी घड्याळ बाबारावांच्या मनगटावर चढवलं. दोघं एकाच चालीनं, एकाच वाटेनं, एकाच ठिकाणी दम खात वर गेले. घड्याळानं बाबारावांना सव्वातीनशे कॅलरी दिल्या.

"मी तर पास झालो जी!" बाबाराव खूश. त्या दिवशी अंजनीबाईही खूश झाल्या, पण घरी गेल्यावर दिवाकररावांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की हे मार्क दुसऱ्याचे आहेत. त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या कुणी यावरून काहीतरी शहाणपणाचा निष्कर्ष काढला असता. दिवाकररावांनी सराफ्यातला काढला: काटा ठीक आहे, माल हलका आहे. म्हणजे आपल्यातच काही कमी आहे. आपण चालतो ते चालणंच नव्हे. ते आणखी जोरात चढू लागले. महिन्याभरात पँट कमरेवरून घसरायला लागली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. अंजनीबाईंना ते दिसलं, पण त्या म्हणाल्या, "पोळ्या कमी केल्या ना मी, त्याचा हा परिणाम."

मग तिलवाऱ्याला भाच्याच्या मुलीचं लग्न आलं. नर्मदेच्या काठी दोन दिवस मुक्काम, आणि गोळ्यांची पट्टी घरी विसरलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आल्याबरोबर दिवाकरराव सवयीनं टेकडीवर गेले. जेमतेम शारदा मंदिरापर्यंतच, कारण लग्नातलं जेवण अंगावर आलं होतं. घरी आले तर अंजनीबाईंच्या चेहऱ्यावर हसू.

"दोनशे ऐंशी! आज खरंच चालले वाटतं?"

दिवाकरराव बूट सोडता सोडता थांबले. अर्धीच टेकडी आणि दुपटीहून जास्त मार्क? पुढचे दोन-तीन दिवस गोळी घेतल्यावर आकडा पुन्हा खाली गेला, तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ही गोळी नाडी दाबून ठेवते. वजनाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटला की माल कमी भरतो, तसंच हे. त्यांना इतका आनंद झाला की ते तसेच स्वयंपाकघरात गेले.

"अंजनी, मला समजलं. ते गोळीमुळं होऊन राहिलं."

अंजनीबाई फोडणी घालत होत्या. वळूनही न पाहता त्या म्हणाल्या, "आधी घड्याळाचा पट्टा ढिला. मग हाताचे केस. आता गोळी. उद्या म्हणाल, नर्मदेच्या पाण्याचा दोष आहे."

दुकानात गिऱ्हाइकानं शब्दावर शंका घेतली तर दिवाकरराव एकच करत: बोलणं थांबवायचं आणि पारडं साफ करून पुन्हा तोलून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीबाईंनी हातावर ठेवलेली गोळी त्यांनी तोंडापर्यंत नेली, पाणी प्याले, आणि गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली.

ते दिवस काय सांगावे! पहिल्या दिवशी दोनशे नव्वद, मग तीनशे, मग तीनशेच्या वर. अंजनीबाईंचा सूरच बदलला. "काठावर पास" वरून गाडी "शाबास"वर आली. त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं, "चिराग, तुझे बाबा सुधरून राहिले." ताटात डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात आला, वर तेलाची धार आली, एका रविवारी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या गेल्या. संध्याकाळी दिवाकरराव दुकानातून आले की त्या त्यांच्याशेजारी येऊन बसू लागल्या. आज वाटेत कोण भेटलं, वरून काय दिसलं, असं विचारू लागल्या. कित्येक दिवसांत त्यांनी असं काही विचारलं नव्हतं. दिवाकरराव खुलून सांगत. एक बारीकसा खडा मनात टोचायचा, पण ते स्वतःला समजावत की चालणं तर आपण खरंच चालतो आहोत, त्यात लबाडी काय आहे?

असे आठ-दहा दिवस गेले. त्या सकाळी बाबाराव आले नव्हते. दिवाकरराव एकटेच चढले. मंदिर मागे टाकलं आणि किल्ल्याच्या थोडं अलीकडे छातीत पुन्हा ती फडफड सुरू झाली, धनतेरसला झाली होती तीच. त्यांनी एका दगडाचा आधार घेतला आणि हळूच खाली बसले. वाटलं, बसलं की थांबेल. ती थांबेना. कानात ठोके ऐकू येत होते, हात गार पडले होते, आणि मनगटावर तो हिरवा दिवा मोठ्या उत्साहानं लुकलुकत होता.

खिशातला फोन वाजला.

"अहो, आज तर कमालच केली!" अंजनीबाईंचा आवाज आनंदानं चढला होता. "पावणेचारशे! आणि अजून वाढूनच राहिले! पळून राहिले काय तुम्ही?"

"अंजनी," दिवाकरराव म्हणाले, "मी बसलोय."

"बसले? कुठं बसले?"

"दगडावर. बराच वेळ झाला. उठता नाही येऊन राहिलं."

"मग हे आकडे कशाचे?"

"धडधड होऊन राहिली. त्याचेच आहेत."

अंजनीबाईंनी अगदी हळू विचारलं, "सकाळी गोळी घेतली ना?"

काट्यावरचा माणूस खोटं बोलू शकला असता, पण अंगात तेवढं बळ नव्हतं. "नाही. पुष्कळ दिवस झाले, नाही घेतली."

"काहून?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "काहून नाही घेतली?"

"गोळी घेतली की घड्याळ मला पास नाही करत," दिवाकरराव म्हणाले. "आणि तू त्याचंच ऐकते."

फोन बंद झाला. दिवाकररावांना वाटलं, रागावली. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा वाटेवरून अंजनीबाई येत होत्या. गुडघेदुखीमुळं दोन जिने चढायला नको म्हणणाऱ्या अंजनीबाई एका हातानं साडी धरून, दुसऱ्या हातानं दगड चाचपत वर येत होत्या. एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात चिरागची जुनी. मागून रिक्षावाला पाण्याची बाटली घेऊन येत होता. त्या जवळ आल्या आणि त्यांच्या शेजारी धपकन बसल्या. त्यांनी दिवाकररावांचा हात हातात घेतला आणि जवळ आणखी काही नसल्यामुळं पदरानं त्यांचं कपाळ पुसत राहिल्या. दिवाकररावांनी पाहिलं तर त्यांचे डोळे वाहत होते.

"रडू नको," ते म्हणाले. "आता कमी होऊन राहिलं."

"चूप बसा तुम्ही."

रिक्षावाल्याच्या आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून ते खाली आले. डॉक्टर ममतांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, औषध दिलं, दोन तास निजवून ठेवलं. नाडी ताळ्यावर आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि आधी पोटभर रागावून घेतलं. "काका, ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. काही कमीजास्त झालं असतं तर?"

मग अंजनीबाईंनी घड्याळाची कथा सांगितली. डॉक्टरांना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "अहो काकू, ह्या गोळीचं कामच आहे नाडीला वर न जाऊ देणं. काका हिमालय चढले तरी नाडी तेवढी वाढायची नाही. आणि घड्याळ बिचारं नाडी पाहूनच अंदाज करणार. घाबरून बसले तर नाडी पळते, घड्याळाला वाटतं माणूस पळतोय."

"अंदाज?" पलंगावरून दिवाकरराव म्हणाले.

"अंदाजच, काका. जळलेल्या कॅलरी काही त्याच्या आत येऊन पडत नाहीत मोजायला."

दिवाकरराव छताकडे पाहत राहिले. अंदाज! सराफ्यात कुणी अंदाजानं तोळा सांगितला असता, तर त्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. आणि इथं एका अंदाजापायी त्यांनी मनगट भादरलं, बाबारावांना टेकडीवर नेलं, सोन्यासारखी गोळी खिशात टाकली. त्यांना इतकं हसू आलं की डॉक्टरांनी पुन्हा त्यांची नाडी धरली.

"मग चालणं झालं की नाही, कसं ओळखायचं?" अंजनीबाईंनी विचारलं. शिक्षकाला मार्क कसे द्यायचे ते विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

"चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे. म्हणजे चाल बरोबर आहे. आणि ते त्यांचं त्यांनाच कळेल, काकू. तुम्हाला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीबाई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आल्या. दिवाकररावांनी गोळी गिळली आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवलं.

"मिटा," त्या म्हणाल्या. "तपासायला नाही आले मी." थोडा वेळ त्या रिकाम्या पेल्याशी चाळा करत राहिल्या. "तुम्ही मला सांगितलं होतं. मी फोडणी देऊन राहिली होती तेव्हा. मी वळूनसुद्धा नाही पाहिलं."

गेला महिनाभर दिवाकररावांना हेच ऐकायचं होतं. ते ऐकताना काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी टेकडी चढता चढता अनेकदा जुळवून ठेवलं होतं. आता ऐकलं तर त्यातलं एकही वाक्य बोलावंसं वाटेना.

"मीही आठवडाभर पाक खाऊन चालल्याचं सोंग केलं होतं ना," ते म्हणाले. "तू तरी काय करणार?"

"तेही आहेच," अंजनीबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा चालायची परवानगी दिली, हळू आणि सपाटीवर, चढ नंतर. घड्याळ मनगटावर राहिलंच, कारण वेळ बरोबर दाखवतं आणि पोरानं हौसेनं पाठवलंय. पहिल्या दिवशी दिवाकरराव एकटेच निघाले. टेकडीला वळसा घालणाऱ्या रस्त्यानं बरेच पुढे गेले, मध्ये एक चढ लागला तिथून मुकाट्यानं मागं फिरले. दोनदा मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं, ते म्हणता येत होतं, म्हणून चाल जरा वाढवली. घरी आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

अंजनीबाई ओट्याशी होत्या. ओट्यावर फोन पडला होता. दिवाकरराव आत येताच तो नेहमीसारखा टुण्णकन वाजला आणि त्याच्यावर उजेड आला. दिवाकरराव उंबऱ्यातच थांबले.

"कुठवर गेले होते?" अंजनीबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

"रस्त्याच्या चढापर्यंत. मग फिरलो."

"दम लागला?"

"लागला थोडा. बोलता येत होतं."

"मग बरं आहे. हात-तोंड धुवा, गरम पोळ्या करते."

फोनवरचा उजेड थोडा वेळ राहिला आणि विझला. अंजनीबाईंनी तिकडे पाहिलं नाही. दिवाकरराव मोरीत गेले, नळ सोडला, आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ तोंड धूत राहिले.